खंडणी नव्हे हो, तैनात!

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकांचा प्रश्न: दक्षिण कोरिया आपल्या भूमीवरच्या अमेरिकी सैन्याच्या खर्चातला वाटा उचलतो, त्याला चॅनलवाले 'खंडणी' म्हणतात, ते बरोबर का?

साफ चूक, आणि रोज कानावर आदळणारी. खंडणी देतात ती फौज दारात येऊ नये म्हणून. इथे आलेली फौज जाऊ नये म्हणून पैसे मोजतात. 'भाडं'ही नको, भाडं घरमालक घेतो, इथे मालकच देतोय.

नेमका शब्द आपल्याच दफ्तरात आहे: तैनात. 'चौकात पोलीस तैनात' एवढाच तो हल्ली उरलाय. पेशवाईतला तैनातजाबता म्हणजे कुणाला किती वेतन याचा तक्ता. म्हणजे नेमणूकही तैनात आणि तिच्यासाठी नेमून दिलेला पैसाही तैनातच! मूळ अरबी 'तअयीन', नेमणे. तैनात हे त्याचं अनेकवचन. आणि त्याच्या पोटात बसलाय 'ऐन', म्हणजे चक्क डोळा. नजरेने हेरून ठरवलेला तो तैनात. ऐन दिवाळीतला ऐन, मुआयना, हिंदीतली ऐनक, सगळी याच घरची भावंडं. इथले एक निवृत्त प्राध्यापक या घरात 'ऐना'सुद्धा घुसवतात. ऐना फारसी 'आईना'वरून आला. या डोळ्याशी त्याचं काही नातं नाही. व्याख्यानात ठासून सांगितल्याने सोयरीक जुळत नसते.

बडोद्याला हे शिकवायला नको खरं तर. १८०५च्या तहाने कंपनीची तीन हजार पायदळाची तैनाती फौज गायकवाडांच्या पदरी आली. तिच्या खर्चापोटी धोळका, नडियाद वगैरे मिळून ११ लाख ७० हजारांच्या वसुलाचे महाल, म्हणजे परगणे, कायमचे तोडून द्यावे लागले. कोरिया मुलूख देत नाही. १९९१पासून दर काही वर्षांनी घासाघीस करून नवा करार करतो. २०२६चा आकडा सुमारे १ लाख ५२ हजार कोटी वॉन. त्यातून तळांवरच्या कोरियन कामगारांचे पगार, बांधकाम आणि रसद भागते. म्हणून 'तैनाती फौज' म्हणायला मी कचरेन, पण 'तैनातखर्च' खुशाल म्हणा.

आता गंमत बघा. त्यातल्या बांधकामाचा बराचसा वाटा कोरिया रोख देत नाही, इमारतीच बांधून देतो. अशा देण्याला आपला जुना शब्द 'ऐनजिनसी'. इथला ऐन म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, आणि तोही त्याच डोळ्यातून आलेला!