ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल घरी केलं की पाणचट होतं. गोव्यात मिळणारी कोणती व्हिस्की घ्यावी?

पणजीच्या दुकानात आणखी दोन हजार मोजण्याआधी आपला फ्रीजर उघडून बघा. बांगडे-सुंगटांशेजारी उघड्या ट्रेमध्ये बर्फ जमत असेल, तर कितीही महाग बाटली आणा, पेल्यात मासळीबाजारच उतरणार. आमच्या मेव्हण्यांचं मात्र ठाम मत, ‘स्वस्त दारू, म्हणून पाणचट.’ वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, म्हणून उत्तर जरा लांबणार.

ढवळताना पेयात साधारण पाव भाग पाणी मिसळायलाच हवं, नाहीतर ते घशाला जाळतं. पण ट्रेमधले तुकडे बारीक असतात. पावसाळ्यात वीज गेली की ते अर्धवट वितळून पुन्हा गोठतात आणि एकमेकांना चिकटतात. असा ओला बर्फ पेय थंड होण्याआधीच सगळं पाणी सोडून मोकळा होतो.

चपात्या ठेवायचा जाड भिंतीचा कॅसरोल घ्या. पाणी भरून, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. बाजूंनी थंडी शिरत नाही, म्हणून बर्फ वरून खाली जमत जातो आणि हवेचे बुडबुडे तळाशी ढकलले जातात. तळाचं पाणी गोठायच्या आत, साधारण अठरा-वीस तासांनी, काढा. वरची लादी काचेसारखी निघते. पाणी उकळून घेतलं की बर्फ स्वच्छ होतो, हे ऐकीव आहे, फारसा फरक पडत नाही. लादी दहा मिनिटं बाहेर ठेवून मगच दातेरी सुरीने खाच पाडा आणि सुरीच्या पाठीवर बत्त्याने हलकेच ठोका. घाई केलीत तर ठिकऱ्या उडतील. तुकडे डब्यात घट्ट बंद करून ठेवा. मासळीसाठी विकतात तो लादीचा बर्फ पेल्यात घालू नका, एवढं सांगायला लागू नये.

आता माप. व्हिस्की ६० मिली, साखरेचा पाक ८ मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांचा कडवट अर्क) दोन झटके. पाक म्हणजे साखर आणि पाणी समभाग. आपली जाड दाण्याची साखर थेट घातली तर थंड दारूत विरघळत नाही, पहिला घोट कडक आणि शेवटचा गोडमिट्ट लागतो. माडाच्या गुळाचा पाकही छान लागतो, फक्त गाळून घ्या आणि ६ मिलीपासून सुरुवात करा, त्याला किंचित खारट चव असते. बर्फावर वीस-पंचवीस सेकंद ढवळून गाळा, मोठ्या तुकड्यावर ओता. संत्र्याची साल पेल्यावर पिळा, आतला पांढरा भाग कमीत कमी ठेवा. बाहेरून आलेल्या संत्र्यांवर मेण असतं, गरम पाण्याने घासून घ्या.

व्हिस्की सावर, म्हणजे लिंबूरसाचं आंबट कॉकटेल, करायला जाल तर अमेरिकन कृतीतला ‘लेमन’ म्हणजे आपलं कागदी लिंबू नव्हे. कागदी लिंबू जास्त धारदार असतं, साल-बिया चेपल्या गेल्या की कडूही होतं. म्हणून ६० मिली व्हिस्कीला २५ ऐवजी २० मिली रस आणि २२ मिली पाक. अंड्याचा पांढरा भाग घालत असाल तर आधी शेकरमध्ये बर्फाशिवाय पंधरा सेकंद हलवा. झाकण हाताने दाबून धरा. बर्फ नसला की झाकण आत ओढलं जात नाही, उसळतं आणि शर्ट जातो. लोणच्याची बरणी वापरू नका, झाकणातला वास जन्मात जात नाही.

बरं, व्हिस्की. ओल्ड फॅशन्डला बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, उत्तम, नव्या जळक्या ओकच्या पिंपातला व्हॅनिलासारखा गोडवा बिटर्सशी जमतो. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं आणि ती बिटर्सखाली दबते. तेवढ्यापुरते मेव्हणे बरोबर आहेत. कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन ब्रिलियन्स ४६ टक्के अल्कोहोलची, त्यामुळे पाणी मिसळूनही टिकते. पण तीही ओल्या बर्फात घालून बघा, पाणचटच होईल.

कच्चं अंडं गरोदर बाईला किंवा आजारी माणसाला देऊ नका. आणि पुढे मॅनहॅटन (व्हिस्की-व्हर्मुथचं कॉकटेल) करणार असाल तर उघडलेली व्हर्मुथ, ती मसालेदार वाइनच, फ्रीजमध्ये ठेवा, महिना-दीड महिन्यात संपवा. कपाटात ठेवलीत तर आंबट होईल आणि दोष पुन्हा व्हिस्कीवर जाईल.