म्हापशाला भाऊ मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा) आहे, वय 28. कारने ठोकल्याने पाय मोडला. विमा कंपनी दीड लाखात मिटवा म्हणते. घ्यावे का?

इतक्यात सही करू नका. पाय मोडल्याचा ठरलेला भाव नसतो. त्या पायामुळे कमाई किती घटली, यावर आकडा ठरतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरचे अपंगत्व आणि धंद्यातले अपंगत्व वेगळे धरतात. तोच पाय टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाचा असता तर रक्कम कमी झाली असती. पायलटाचे पोटच गाडीवर!

समजा कमाई महिना 20,000 आणि कमाईतली घट 15 टक्के धरली. वार्षिक 2,40,000, त्याचे 15 टक्के म्हणजे 36,000. त्याला या वयाच्या गुणकाने (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा), म्हणजे 17 ने गुणले की 6,12,000. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले तर 8,56,800. औषधोपचार, बुडालेले दिवस, वेदना हे त्यावर वेगळे. भावाचीही चूक निघाली तर तेवढा हिस्सा कापतात.

कमाईचा पुरावा मात्र लागतो, आणि पायलटांचे घोडे तिथेच अडते. बँकेतला भरणा, पायलटाचा बॅज, परवाना, जे असेल ते जमवा. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कायद्यात मुदत सहा महिन्यांची.