‘कामे वगळा’ की ‘कामे हटवा’?

हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की कामांच्या यादीतून अनेक कामे एकाच वेळी कायमची काढून टाकण्यासाठी एआय एजंटला (आपल्या वतीने कामे पार पाडणाऱ्या संगणकप्रणालीला) जे साधन दिलेले असते, त्याचे वर्णन मराठीत लिहिताना ‘डिलीट’साठी ‘वगळणे’ वापरावे की ‘हटवणे’, आणि ‘बल्क’ला ‘घाऊक’ म्हटलेले चालेल का. ‘हटवणे’ त्यांना हिंदी वळणाचे वाटते, म्हणून त्यांचा कल ‘वगळणे’कडे आहे.

माझे मत ‘हटवणे’च्या बाजूचे आहे, आणि हे वर्णन कोण वाचणार आहे, याचा विचार करूनच ते बनले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याच्या सामाईक पद्धतीत, प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा मांडलेला असतो, आणि कोणते साधन केव्हा वापरायचे, हे एजंटमागचे एआय मॉडेल बहुतांशी त्यावरूनच ठरवते. साधन माहिती नष्ट करू शकते, अशी खूण तेथे करता येते, परंतु ती खूण म्हणजे केवळ सूचना असते, हमी नसते. त्यामुळे वर्णनातील क्रियापद संदिग्ध राहिले, तर ती संदिग्धता थेट कृतीत उतरू शकते.

आता ‘वगळणे’ पाहू. मतदार यादीतून नाव वगळतात, तेव्हा ते यादीतून जाते. ‘रविवार वगळून रोज उघडे’ या पाटीत मात्र रविवार फक्त नियमाबाहेर राहतो. दोन्ही अर्थ अस्सल मराठी आहेत आणि एरवी संदर्भाने सहज कळतात. हटवण्याच्या साधनात मात्र ते समोरासमोर उभे ठाकतात. ‘पूर्ण झालेली कामे वगळा’ अशी सूचना एजंटला मिळाली, तर त्याने पूर्ण झालेली कामे काढून टाकायची, की तेवढी राखून बाकीची काढायची? एकाच वाक्यातून नेमक्या उलट दोन कृती निघतात, आणि दुसरा अर्थ घेतला गेला तर चालू कामांची यादीच नाहीशी होते. म्हणून ‘वगळणे’ हे क्रियापद अपवादासाठी राखून ठेवावे. ‘चालू कामे वगळून बाकीची हटवते’ या वाक्यात शंकेला जागा उरत नाही.

‘हटवणे’ परके मानण्याचेही कारण नाही. ‘मागे हटणे’ आपल्या बोलण्यात आहेच, आणि रस्त्यावरील अतिक्रमणे हटवल्याच्या बातम्या पुणेकर नेहमी वाचतात. उलट नुसते ‘काढणे’ टाळावे, कारण ‘आज घरात रंगाचे काम काढले आहे’ म्हणजे ते सुरू केले आहे, आणि ‘कामे निकालात काढली’ म्हणजे ती पूर्ण केली. ‘मिटवणे’ आपण भांडणासाठी वापरतो. ‘रद्द करणे’ याने काम होणार नाही एवढेच समजते, त्याची नोंद राहते. कामांच्या अनेक याद्यांमध्ये ‘रद्द’ ही वेगळी स्थितीच असते, त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नयेत.

‘घाऊक’ हा शब्द किरकोळच्या विरुद्ध, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शोभणारा आहे. त्यातून व्यापाराचा वास जात नाही. ‘सरसकट’ म्हणजे निवड न करता सगळेच, आणि निवडक कामांच्या साधनाला तो शब्द लावणे धोक्याचे आहे. साधनाला कामांचे क्रमांक नेमून द्यायचे असतील, तर ‘एकगठ्ठा’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण गठ्ठा आधी कोणीतरी बांधलेला असतो.

वर्णन आज्ञार्थी न लिहिता वर्तमानकाळात लिहावे. ‘हटवा’ हा शब्द बटणावर योग्य आहे. वर्णनात मात्र तो एजंटला दिलेला हुकूम वाटू शकतो. मी असे लिहीन: ‘दिलेल्या क्रमांकांची कामे एकगठ्ठा हटवते. हटवलेली कामे परत आणता येत नाहीत. काम नुसते थांबवायचे असल्यास हे साधन वापरू नये. कोणती कामे हटवायची याची वापरकर्त्याकडून आधी खातरजमा करून घ्यावी.’ यांतील दुसरे वाक्य साधन खरोखर तसे वागत असेल तरच ठेवावे. कामे काही काळ कचरापेटीत राहत असतील, तर ती तेथून परत आणता येतात, हे स्पष्ट लिहावे.

साधनाकडून येणाऱ्या उत्तरातही ‘कामे हटवली’ एवढ्यावर थांबू नये. दहा क्रमांकांपैकी दोन यादीत नसतील आणि एक हटवण्याची परवानगी नसेल, तर ‘हटवलेली’, ‘न सापडलेली’ आणि ‘परवानगीअभावी तशीच राहिलेली’ असे तीन गट क्रमांकांसह वेगळे द्यावेत.