हजेरीपटातली सगळी नावं

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुला उद्देशून 'डॉक्टर' हा शब्द मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि लिहिताना फार बरं वाटलं.

इंटर्नशिप संपली, हॉस्टेलची खोली रिकामी झाली आणि निरोपाच्या रात्री बॅचने पुढच्या भेटीची जबाबदारी तुझ्यावर टाकली, हे कळलं. तू विचारलंस, "मॅडम, दहा वर्षांनी सगळ्यांना एकत्र आणायचं म्हणजे आत्तापासून काय करू?" दहा वर्षांनंतरचं जरा बाजूला ठेव. येत्या दोन आठवड्यांत काय करायचं ते आधी सांगते, कारण ते पुढे करता येत नाही.

यादी कर. पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हजेरीपटावर जी नावं होती ती सगळी त्यात घे. पदवी मिळालेल्यांची यादी कॉलेजकडे असतेच, तिचा मला फारसा उपयोग वाटत नाही. पहिल्याच परीक्षेत नापास होऊन मागच्या बॅचमध्ये गेलेला मुलगा तिच्यात नसतो. सहा महिन्यांत वैद्यकीय शिक्षण सोडून गेलेली मुलगी नसते. आजारपणात वर्ष बुडालं म्हणून वरच्या बॅचमधून तुमच्यात आलेला मुलगा तिच्यात असतो, पण तो स्वतःला तुमचा समजतो की वरच्यांचा, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. या सगळ्यांना तुझ्या यादीत जागा हवी. पाच वर्षांनी त्यांची नावं आठवणार नाहीत, आत्ता आठवतात.

नावापुढे फक्त मोबाइल नंबर लिहून भागणार नाही. देश बदलला की नंबर बदलतो. कॉलेजच्या किंवा हॉस्पिटलच्या ईमेलवर तर अजिबात विसंबू नकोस, तिथलं काम सुटलं की तो पत्ताही सुटतो. आईवडिलांचा किंवा भावंडाचा एक नंबर घेऊन ठेव. आमचे हरवलेले निम्मे लोक आम्हाला त्यांच्या आईच्या फोनवरून सापडले. लग्नानंतर कुणाचं आडनाव बदललं तर जुनं खोडू नकोस, दोन्ही लिही. यादी तुझ्या एकाच्या ताब्यात नको, आणखी एक विश्वासू माणूस गाठून दुसरी प्रत त्याच्याकडे दे. आणि ती बाहेर कुणाला द्यायची नाही. डॉक्टरांची नावं आणि नंबर एका ठिकाणी असले की औषध कंपन्यांपासून विमा विकणाऱ्यांपर्यंत सगळे मागायला येतात. बॅचने ती माहिती एकमेकांना दिलेली असते, बाजाराला दिलेली नसते.

यादीवर मी इतकी का थांबले, ते सांगते. फिलाडेल्फियातला १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो तू नक्की पाहिला असशील. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, तेव्हा वयाची २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. ओकामी १८८९ साली पदवी घेऊन जपानला परतल्या आणि तोक्योत डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. इस्लामबुली १८९० च्या पदवीधर. कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत १९१९ साली त्यांच्या नावापुढे कैरो आहे, पुढे कॉलेजचा त्यांच्याशी संपर्कच राहिला नाही.

आनंदीबाई मायदेशी निघाल्यावर त्या तिघी पुन्हा एका जागी आल्या नाहीत. माझ्या मनात नेहमी तिसरीच रेंगाळते. आपल्या प्रदेशातून इतक्या दूर शिकायला जाणारी, पहिल्यावहिल्या डॉक्टर बायकांपैकी एक, आणि तिचं पुढचं आयुष्य एका शहराच्या नावाशी येऊन थांबतं. तेवढंही कळतं, कारण कुणीतरी चिकाटीने यादी ठेवली होती. १९१९ नंतर ती नोंद पुढे सरकली नाही, एवढंच. तुझ्या यादीतलं एकही नाव असं थांबू नये, असं मला फार वाटतं.

आता भेटीबद्दल. दहा वर्षं थांबू नका. मला माहीत आहे, आत्ता सगळे "भेटत राहू" म्हणतायत आणि म्हणताना मनापासून म्हणतायत. पण पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, मग निवासी डॉक्टर म्हणून तीन-चार वर्षं, मग कुणाची फेलोशिप, कुणाचं स्वतःचं क्लिनिक. या काळात माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला वेळेवर पोचत नाही. ग्रुपवर आधी रोज शंभर निरोप येतात, मग आठवड्याला दहा, मग फक्त वाढदिवस. आणि ही वर्षं जितकी कोरडी जातात तितकीच ती सगळ्यात अवघडही असतात. पहिला रुग्ण आपल्या हातून जातो तो याच काळात. म्हणून पाचव्या वर्षी भेटा. १२ जण आले तरी भेटा. मोठं सभागृह, स्मरणिका, भाषणं यातलं काही नको. १२ जण एकदा भेटले की उरलेल्यांना पुढच्या वेळी कुणीतरी ओळखीचं बोलावणारं असतं.

तारीख किमान वर्षभर आधी ठरव. ड्युटीचं वेळापत्रक लागायच्या आत रजा मागता आली पाहिजे, आणि गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला त्या दोन दिवसांसाठी दुसरा डॉक्टर शोधायला वेळ लागतो. आपल्यातले जे येऊ शकत नाहीत त्यांत हे एकटे काम करणारे फार असतात. खर्चाचं म्हणशील तर प्रत्येकाने झेपेल तेवढं गुपचूप द्यावं, कुणी किती दिले ते फक्त एकालाच कळावं. औषध कंपनीचा पैसा घेऊ नका, अगदी फलकापुरताही. आणि जोडीदार, मुलं जरूर येऊ देत, पण एक अर्धा दिवस फक्त बॅचचा ठेव. तुमच्यातली काही बोलणी घरच्यांसमोर होत नाहीत.

एक चूक मी आणि माझ्या बॅचने केली, ती तुम्ही करू नये म्हणून लिहिते. दहाव्या वर्षीच्या आमच्या भेटीत ओळख करून द्यायचा कार्यक्रम ठेवला होता आणि माइक माझ्या हातात होता. प्रत्येकाने उठून नाव, पदव्या, हॉस्पिटल सांगायचं. पहिल्या चार-पाच जणांनी साधं सांगितलं. मग कुणी किती खाटांचं हॉस्पिटल बांधलं ते आलं, कुणी परदेशातली फेलोशिप सांगितली, टाळ्या वाढत गेल्या. आमचा एक वर्गमित्र मागच्या रांगेत होता. पदव्युत्तर प्रवेशासाठी त्याने पाच वर्षं घालवली होती, जागा मिळाली नव्हती, एका आरोग्य केंद्रात काम करत होता. त्याची पाळी यायच्या आधी तो उठून बाहेर गेला. मी पाहिलं. फोन आला असेल असं वाटलं आणि पुढचं नाव पुकारलं. तो परत आला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या दोन भेटींनाही नाही.

शरीररचनाशास्त्राच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहावर छेद देऊन शिकतात तिथे, तो माझ्या टेबलावर होता. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते, तेव्हा माझ्या हातातला स्काल्पेल त्याने काही न बोलता घेतला होता आणि पहिला छेद त्याने दिला होता. हे मी त्या दिवशी माइकवर सांगायला हवं होतं.

पंचविसाव्या वर्षी आम्ही ओळखीची रीत बदलली. रोल नंबर सांगायचा, आणि आपल्या टेबलावर कोण कोण होतं त्यांची नावं सांगायची. पदवी नाही, पद नाही. त्या टेबलावर कोण उभं राहणार ते बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरावरून ठरलेलं असतं, त्यात कुणाची हुशारी नसते. म्हणूनच ती ओळख सगळ्यांना सारखी बसते. त्या मित्राला बोलवायला मी स्वतः त्याच्या दारात गेले, आधी माफी मागितली, मग निमंत्रण दिलं. तो आला. त्याच्या आरोग्य केंद्रातल्या गोष्टी ऐकायला त्या रात्री सगळ्यात मोठं कोंडाळं जमलं होतं.

म्हणून निमंत्रणं पाठवताना उलट्या क्रमाने पाठव. जे येणारच आहेत त्यांना नुसता निरोप पुरतो. जो येणार नाही असं वाटतं त्याला आधी फोन कर, शक्य असेल तर भेट. ज्याच्यावर खटला चालू आहे, ज्याचा संसार मोडला, जो व्यसनात अडकला होता, जिने डॉक्टरकी सोडून दुसरं काम धरलं, त्यांना ग्रुपवरचं निमंत्रण आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही.

बॅच एकत्र राहिली तर काय घडू शकतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बाल्टिमोरचं आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. कॅरोलाइन बेडेल थॉमस यांनी १९४८ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. १९४८ ते १९६४ या काळात बाहेर पडलेल्या बॅचेसमधले १,३३७ जण त्यात आले. शिकत असताना त्यांची तपासणी झाली, आणि पदवीनंतर वर्षानुवर्षं त्यांना प्रश्नावली जात राहिली. जगभर पांगलेले, कामात बुडालेले हे डॉक्टर आयुष्यभर उत्तरं पाठवत राहिले. त्यातूनच १९९३ साली दिसून आलं, की विशीच्या सुरुवातीला ज्या मुलांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं त्यांना मध्यम वयात हृदयविकाराचा धोका जास्त होता. २००० साली कळलं की तरुणपणी गुडघ्याला झालेली दुखापत पुढे संधिवाताचा धोका वाढवते. प्रिकर्सर्स स्टडी या नावाने तू ते शोधून वाच. वाचताना आकड्यांच्या मागे बघ. एकेक उत्तर म्हणजे "मी अजून आहे, माझं असं चाललंय" हे जुन्या कॉलेजला कळवणारं पत्र आहे.

तुमच्याकडे संशोधन नसेल, पण वय तेच असेल. तुम्ही सगळे एकदमच चाळिशीत जाल, एकदमच पन्नाशीत. डॉक्टर स्वतःची तब्येत दाखवायला जात नाही, स्वतःच गोळी लिहून घेतो. जागतिक वैद्यक संघाने १९४८ साली केलेल्या जिनिव्हा जाहीरनाम्याच्या शपथेत २०१७ साली एक वाक्य नव्याने आलं. उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याकडे, स्वास्थ्याकडे आणि क्षमतांकडे लक्ष देईन, असा त्याचा आशय. बायकोने सांगितलेलं डॉक्टर ऐकत नाही, सहकाऱ्याला सांगायला लाज वाटते. "तू बारीक झालायस, उद्या साखर तपास आणि रिपोर्ट मला पाठव" हे दमात घेऊन सांगू शकतो तो फक्त हॉस्टेलमधला खोलीमित्र. मनाच्या आजाराबद्दल तर हे दुप्पट खरं आहे. भेटीच्या रात्री गाणी संपल्यावर कोण एकटा गच्चीत उभा आहे, ते बघत जा. त्याच्याजवळ जा, आणि "कसं चाललंय" विचारून उत्तर पूर्ण येईपर्यंत थांब.

ग्रुपबद्दल थोडंच लिहिते. अडलेल्या केससाठी बॅचमधल्या तज्ज्ञाला विचारणं हा मोठा आधार आहे, रात्री दोनलाही कुणीतरी उत्तर देतं. पण रुग्णाचं नाव, चेहरा, नोंदणी क्रमांक कधीही टाकू नका. शंभर फोनमध्ये गेलेली गोष्ट गुपित राहत नाही. आणि न तपासता दिलेलं मत हे मित्राचं मत आहे, निर्णय ज्याच्यासमोर रुग्ण आहे त्याचाच.

शिक्षकांना बोलवा, पण भाषणासाठी नको. त्यांना एका टेबलाशी बसवा आणि तुम्ही त्यांच्याकडे जा. वॉर्डातल्या सिस्टर, डिसेक्शन हॉल उघडणारे मामा, ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत थांबणारे, यांच्यापैकी जे हयात असतील त्यांनाही. आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन मिनिटं उभे राहा, गेलेल्या वर्गमित्रांसाठी आणि ज्यांच्या देहावर तुम्ही शिकलात त्यांच्यासाठी. त्यांचं नाव तुम्हाला कधी सांगितलं गेलं नसेल, तरी यादीत त्यांच्यासाठी एक ओळ ठेव.

तुझ्या निरोपात शेवटी तू लिहिलं होतंस की तुमच्या टेबलावर सहा जण होते, पाचांची नावं आठवतात, सहावा पहिल्या सत्रानंतर दिसलाच नाही. मी काल विभागातून त्या वर्षाचा जुना हजेरीपट मागवला आहे. सोमवारी हातात येईल. नाव सापडलं की तुला फोन करते, पुढचा फोन तू त्याच्या घरी कर.

तुझी,
मॅडम