खांबावर कोरलेलं साल म्हणजेच लोखंडी पुलाचं वय का?

तुम्ही विचारलंय की नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाच्या दगडी खांबावर साल कोरलेलं दिसतं, तर तेच पुलाचं वय धरायचं का. खांबाचं खुशाल धरा, पण वरच्या लोखंडाचं वय वेगळं काढायला लागतं. मी बरीच वर्षं स्ट्रक्चरल ड्रॉइंगची कामं केलीत आणि ही चूक स्वतः करून बसलोय, खांबावरचं साल वाचून चारचौघांत छातीठोक सांगत सुटलो की हे लोखंड त्या काळचं, तर एका म्हाताऱ्या फोरमनने मला गर्डरच्या (खांबांवर टेकलेल्या मोठ्या लोखंडी तुळईच्या) आतल्या बाजूला नेलं, बॅटरी मारली आणि म्हणाला आधी हे वाचा साहेब. त्याने काय वाचायला लावलं ते खाली सांगतो.

असं होतं कारण नदीच्या तळात पाया उतरवणं हे सगळ्यात अवघड काम, ते एकदा झालं की कोणी परत त्याच्या वाटेला जात नाही. पण इंजिनं जड होत गेली तशी वरची कैची (तिरक्या-उभ्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेला सांगाडा, इंग्रजीत ट्रस) कमी पडायला लागली, मग खांब तेच ठेवून गर्डर बदलायचे. दिल्लीचा यमुनेवरचा जुना लोहे का पूल बघा, वर रेल्वे आणि खाली रस्ता. १८६६ ला चालू झाला, साधारण २०२ फुटांचे १२ गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग), तेव्हा एकच लाइन होती, दुसरी १९१३ ला आली आणि १९३० च्या दशकात गर्डर बदलले. तरी सगळे त्याला १८६६ चाच पूल म्हणतात, आणि तसं म्हणण्यात चूक पण नाही.

उलटंही होतं हां. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पहिला पूल १८७८ ला चालू झाला आणि २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात मधला भाग आख्खी गाडी घेऊन खाली गेला. वाऱ्याच्या जोराचा हिशोब नीट धरलेला नव्हता आणि बिडाच्या खांबांचं काम कच्चं होतं. पण जे गर्डर पडलेच नव्हते ते चांगले होते, ते उचलून १८८७ च्या नव्या पुलात वापरले. म्हणजे तिथे काही लोखंड पुलापेक्षा जुनं!

आता ओळखायचं कसं. फोरमनने मला दाखवलं ते रोलिंग मार्क. लोखंडाची पट्टी किंवा अँगल गिरणीतून लाटून निघताना त्यावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, डॉर्मन लाँग ही ब्रिटिश कंपनी वगैरे, आणि ते रंगाच्या दहा थरांखाली बुजलेलं असतं, समोरून काहीच दिसत नाही. बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून तिरकी मारायची, मग अक्षरांची सावली पडते आणि नाव एकदम वर आल्यासारखं दिसतं. तरी लागलं नाही तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. त्यावर साल क्वचितच असतं पण नावावरून सुद्धा बरंच कळतं. टाटाचं स्टील निघायला लागलं १९१२ पासून, त्यामुळे टाटाचा मार्क दिसला की ते लोखंड त्याआधीचं असूच शकत नाही, मग खांबावर काहीही कोरलेलं असो.

दुसरं म्हणजे धातू. ब्रिटनमध्ये पुलांना स्टील वापरायची परवानगीच १८७७ ला मिळाली आणि १८९० चा स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल स्टीलचा झाल्यावर घडीव लोखंड मागे पडत गेलं. घडीव लोखंडात मळीचे (धातू गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, म्हणजे स्लॅगचे) बारीक धागे असतात, त्यामुळे जिथे ते गंजून फाटलंय तिथे लाकडाच्या ढलप्या निघाल्यासारखं दिसतं, स्टील तसं सुटत नाही. एकदा बघितलंत की परत विसरणार नाही.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे जाड लोखंडी खिळे, तर बघाच. लालभडक तापवून ठोकायचे, थंड होताना आकसून पत्रे आवळून धरायचे, म्हणून दोन्ही बाजूंना गोल टोपी दिसते. १९४३ चा हावडा ब्रिज सुद्धा रिव्हेटवरच उभाय, म्हणजे रिव्हेट दिसले म्हणून पूल शंभरीपार असं लगेच समजू नका. पण रिव्हेटच्या रांगेत मधेच सहा कोनी बोल्ट दिसले की तिथे बहुतेक नंतर कोणीतरी हात घातलाय.

कैचीच्या आकारावरून (प्रॅट नावाच्या प्रकारची १८४४ ची, वॉरन नावाच्या प्रकारची १८४८ ची) वय काढायला जाऊ नका, ते आकार अजून वापरतात.

आणि एकाच गाळ्यावर निकाल देऊ नका. पुरात एखादाच गाळा वाहून गेला आणि तेवढाच नवा टाकला असं पुष्कळ ठिकाणी झालंय, शेजारच्या दोन गाळ्यांतल्या जाळीच्या पट्ट्या वेगळ्या दिसल्या की समजायचं. चालू रेल्वे पुलावर मात्र चढू नका, काठाकडच्या गाळ्याखाली उभं राहून बरंच दिसतं. मार्क सापडला तर फोटो टाका, दोन-तीन अक्षरं लागली तरी चालतील.