इंग्रजी स्पेलिंग उच्चाराप्रमाणे करायला हवं का? आजवर कोणी का केलं नाही?

हवं. का झालं नाही तेही सांगतो, पण आधी माझं ऐका.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा पाचवीपासून इंग्रजी होतं. सातवीच्या धड्यात नांगराचं चित्र, खाली पी-एल-ओ-यू-जी-एच. 'रफ' आणि 'कफ' नुकतेच पाठ झालेले, शेवटची अक्षरं तीच. मी उभा राहून ठणठणीत वाचलं, 'प्लफ'. खरा उच्चार होता 'प्लाउ'. सर म्हणाले, "घरी नांगर हाकतं अन् तुले नांगर वाचता येत नाही?" सगळा वर्ग हसला आणि हातावर रूळ बसला. संध्याकाळी बैलाचं दावं सोडायला मूठ वळत नव्हती. मी नियमानंच वाचलं होतं, हे आजही छातीठोकपणे सांगतो. नियम मोडला होता तो त्या भाषेनं.

पुढे कळलं की अमेरिकेच्या नोआ वेबस्टरनं १८२८ च्या शब्दकोशात हाच शब्द पी-एल-ओ-डब्ल्यू असा दिला, आणि अमेरिकेतला शेतकरी आजही तसाच लिहितो. म्हणजे त्यांना चालतं, आमच्या पोरांना मार!

ते जी-एच एकेकाळी घशातून खरखरीत उच्चारायचे. कॅक्सटननं १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, हळूहळू स्पेलिंग छापात गोठलं, उच्चार मात्र बदलत राहिले. प्रयत्न झाले ना! १९०६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं सरकारी छपाईत ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम काढला. तिथल्या संसदेनं विरोध केला, माघार घ्यावी लागली. ब्रिटिश संसदेत १९४९ ला विधेयक आलं, ८७ विरुद्ध ८४ मतांनी पडलं. तीन मतं फक्त!

हे मी आमच्या भाऊजींना सांगून थकलो. ते शिक्षक आहेत, स्पेलिंग चुकलं की गुण कापायचेच म्हणतात. भाचीनं विज्ञानाच्या पेपरात फोटोसिंथेसिस 'एफ'नं लिहिलं. उत्तर बरोबर, आकृती बरोबर, तरी गुण गेले, आणि भाऊजी म्हणतात योग्यच झालं. अहो, स्पेन आणि इटलीत तो शब्द 'एफ'नंच लिहितात! तिथली पोरं काय ढ आहेत?

एक अडचण आहे, ती मान्य. उच्चाराप्रमाणे म्हणजे कोणाच्या उच्चाराप्रमाणे? आमच्या वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात, पुण्यात नाही. लंडन, टेक्सास आणि नागपूरचं इंग्रजीही एक नाही. त्यामुळे सगळंच बदलणं कठीण. पण मुकी अक्षरं तरी काढता येतील.

ते होईल तेव्हा होईल. तोवर भाऊजींसारख्यांनी स्पेलिंगची परीक्षा वेगळी घ्यावी, तिथे हवे तेवढे गुण कापावे. विज्ञानाच्या पेपरात पान अन्न कसं तयार करतं हे पोरीला कळलं की नाही, तेवढंच तपासा.