जाहिरात कोगनोळी नाक्यापलीकडे गेली आणि नोटीस आली

प्रश्न: कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या एका सौहार्द सहकारी संस्थेचा (तिकडच्या वेगळ्या सहकार कायद्याखालची पतसंस्थेसारखी संस्था) मी मुख्य कार्यकारी आहे. पोटनियमाप्रमाणे आमचं कार्यक्षेत्र निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी हे तीन तालुके. बेळगावच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली, फेसबुकवरची जाहिरातही त्यानंच चालवली. मजकूर असा होता: ‘बँकेपेक्षा जास्त, ११ टक्के खात्रीशीर व्याज! ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण. घरबसल्या मोबाइल बँकिंग.’ चार महिन्यांत कोगनोळी नाक्यापलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल, गडहिंग्लजकडच्या २३ जणांनी मिळून ४१ लाखांच्या ठेवी ठेवल्या. प्रत्येकाकडून १०० रुपये घेऊन नाममात्र सभासद करून घेतलं. आता सहकार खात्याची कानडीतली नोटीस आली आहे, १५ दिवसांत खुलासा द्यायचा आहे. संचालक म्हणतात, वेबसाइट आजच्या आज काढून टाका. वेबसाइट मराठीत आहे म्हणून हे झालं का? आमच्यावर गुन्हा दाखल होईल का?

उत्तर: जाहिरात आत्ताच थांबवा, पण वेबसाइट पुसू नका. नोटीस आल्यावर मजकूर गायब झाला की पुरावा लपवल्याचा संशय फुकटचा अंगावर येतो. आधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वरचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. साइटचा पूर्ण बॅकअप घ्या. फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमधून त्या जाहिरातीचा अहवाल उतरवून घ्या: कधीपासून कधीपर्यंत चालली, खर्च किती, मजकूर काय, कोणत्या राज्यात किती जणांना दिसली. मेटाच्या ॲड लायब्ररीच्या भरवशावर राहू नका, साध्या जाहिराती तिथे चालू असेपर्यंतच दिसतात. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा) लिहावं लागतं. म्हणून मूळ फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पाकिटात बंद करून ठेवा. एवढं झालं की वादातली पानं त्याच दिवशी उतरवा आणि तशी नोंद संचालक मंडळाच्या इतिवृत्तात घ्या.

आता तुमच्या जाहिरातीतला एकेक शब्द बघू.

‘मोबाइल बँकिंग’. तुमच्या संस्थेच्या नावात ‘बँक’ नाही, म्हणून आपण सुटलो असं संचालकांना वाटत असेल. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ चं कलम ७ सहकारी संस्थांना लागू होतं. सहकारी बँक नसलेल्या संस्थेनं ‘बँक’, ‘बँकर’, ‘बँकिंग’ हे शब्द नावात तर नाहीच, पण व्यवसायाच्या संबंधातही वापरायचे नाहीत, असं ते सांगतं. रिझर्व्ह बँकेनं २२ नोव्हेंबर २०२१ रोजी जाहीर सूचना काढून याच गोष्टीची आठवण करून दिली होती. वेबसाइटवरचं ‘मोबाइल बँकिंग’ हे बटण व्यवसायाच्या संबंधातच आलं. त्याला ‘मोबाइल ॲप सेवा’ म्हणा, काम तेच होतं. पण शब्द फक्त समोर दिसणाऱ्या पानावर नसतो. गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं शीर्षक, ॲपचं नाव, वेबसाइटचा पत्ता, गूगलच्या जाहिरातींसाठी निवडलेले शोधशब्द, हे सगळं तपासा. सगळ्यात हमखास राहून जाते ती गूगल मॅपवरची नोंद: तिथे संस्थेचा प्रकार निवडताना यादीत जवळचा पर्याय म्हणून ‘बँक’ निवडलेलं असतं आणि नंतर कुणी बघत नाही.

‘बँकेपेक्षा जास्त’. ही तुलना आहे, स्वतःला बँक म्हणवणं नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. पण तो करण्यात काही हशील नाही. काढून टाका.

‘५ लाखांचं विमा संरक्षण’. यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण बँकांमधल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख आहे. पतसंस्था, सौहार्द संस्था त्यात येत नाहीत. त्या मुलानं एखाद्या बँकेच्या साइटवरून ओळ उचलली असेल, किंवा तुमच्या तिजोरीतल्या रोकडीचा जो विमा असतो त्याचा अर्थ तसा लावला असेल. कारण काहीही असो, ठेवीदारानं यावर विसंबून पैसे दिले असतील तर वाक्य खोटं ठरतं आणि ते संस्थेच्या नावावर जातं. आपल्यासाठी काम करणाऱ्यानं कामाच्या ओघात केलेली दिशाभूल आपल्याच अंगावर येते, हे करार कायद्याचं जुनं तत्त्व आहे. खुलाशात ‘एजन्सीची चूक’ एवढंच लिहिलंत तर ते चालणार नाही.

‘११ टक्के खात्रीशीर’. दर खरोखर तेवढा देत असाल तर नुसता आकडा गुन्हा नाही. पण विम्याच्या ओळीशेजारी तो आला की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ‘दिशाभूल करणाऱ्या जाहिराती’च्या व्याख्येत बसू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्याच कायद्याखालच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याखालची अटींची ओळही त्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवी. वर ठळक मराठी आणि तळाला बारीक इंग्रजीत ‘अटी लागू’ हा प्रकार बंद करा.

शब्द दुरुस्त होतील, ४१ लाखांचं काय? नोटिशीचा खरा गाभा तोच असणार. सभासदांकडून ठेवी घेणं आणि जनतेकडून ठेवी घेणं यात कायदा भिंत घालतो, जनतेकडून घेणं हा बँकिंग व्यवसाय. शंभर रुपये घेऊन नाममात्र सभासद केलं की भिंत ओलांडता येते ही समजूत आपल्या भागात घट्ट बसलेली आहे. पण २०२१ च्या त्याच सूचनेत रिझर्व्ह बँकेनं नाममात्र आणि सहयोगी सभासदांच्या ठेवीही बिगरसभासदांच्या ठेवींसोबतच मोजल्या आहेत. वर हे २३ जण कार्यक्षेत्राबाहेरचे, तेही दुसऱ्या राज्यातले. त्यामुळे पावती पुस्तक दाखवून हा मुद्दा सुटणार नाही.

हे लोक आले कसे, तेही समजून घ्या, कारण खुलाशात ते उपयोगी पडतं. फेसबुकवर शहराचं नाव टाकलं की साधारण ४० किलोमीटरचं वर्तुळ आपोआप घेतलं जातं. निपाणीभोवती तेवढं वर्तुळ काढा: कागल, गडहिंग्लज आत, कोल्हापूर जवळजवळ काठावर. अहवालात वर्तुळ तसंच ठेवलेलं आणि महाराष्ट्र वेगळा निवडलेला नसेल, तर मुद्दाम सीमेपलीकडच्या ठेवी ओढल्या नाहीत असं म्हणायला आधार मिळतो. पण पैसे स्वीकारताना पत्ता कागलचा दिसत होता, त्याचं उत्तर वर्तुळात नाही. पुढे जाहिरात करायचीच झाली तर महाराष्ट्र स्पष्टपणे वगळता येतो. तरीही माझं मत विचाराल तर ठेवींची जाहिरात फेसबुकवर करूच नका. संस्थेची ओळख, शाखा, वेळा, लेखापरीक्षण अहवाल वेबसाइटवर ठेवा. ठेवीचे दर सभासदांना नोटीस बोर्डावर किंवा सभासदांच्या लॉगिनमध्ये द्या.

गुन्ह्याबद्दल. अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम, २०१९ खाली अशा योजनेसाठी लोकांना आमंत्रण दिलं तरी १ ते ५ वर्षं कैद आणि २ ते १० लाख दंड आहे. सहकारी संस्थांच्या योजना त्या कायद्याच्या परिशिष्टात नियंत्रित म्हणून येतात, ही तुमची बाजू. पण संस्थेनं कायद्यानं आखलेली चौकट सोडून ठेवी घेतल्या तर ते संरक्षण उरतं का, हा प्रश्न समोरून विचारला जाईल. शिवाय पैसे कागलहून आले असल्यानं तक्रार कोल्हापूर जिल्ह्यातही होऊ शकते, आणि परतफेडीत कसूर झाली तर महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, १९९९ समोर येतो. आज तुमच्याकडे एकही ठेव थकलेली नाही. ही स्थिती टिकवणं हाच सगळ्यात मोठा बचाव आहे.

म्हणून खुलासा देण्याआधी ठराव करा: २३ ठेवी मुदतीआधी, ठरलेल्या दरानं आजवरच्या व्याजासह, दंड न कापता परत करायच्या. परतफेड ज्या खात्यातून पैसे आले त्याच बँक खात्यावर करा. २० हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोखीनं परत करता येत नाही, केली तर तेवढाच दंड बसू शकतो. खुलाशासोबत ठरावाची नक्कल, परतफेडीचा तक्ता आणि उतरवलेल्या पानांचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट जोडा. नोटिशीचं अधिकृत मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून घ्या, ओळखीच्या कुणाकडून तोंडी ऐकून उत्तर लिहू नका. उत्तर कानडीत द्या. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा. खुलासा आणि मुदतवाढीचा अर्ज, दोन्हींवर कार्यालयाची पोच घ्या.

त्या मुलाशी भांडण आज नको. डोमेन बहुधा त्याच्या ईमेलवर, होस्टिंग त्याच्या कार्डावर आणि फेसबुक पेजचा मुख्य ॲडमिनही तोच असेल. गोडीत आधी पेजचा पूर्ण ताबा, डोमेनचा ऑथ कोड (वेबसाइटचा पत्ता दुसऱ्याकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) आणि होस्टिंगचा पासवर्ड संस्थेच्या ईमेलवर घ्या. वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममधली माहिती कुठे जमा होते तेही विचारा. ती त्याच्या वैयक्तिक गूगल शीटमध्ये जमा होत असते आणि आधार-पॅनचे फोटो त्याच्याच ड्राइव्हमध्ये साठत असतात, हे सर्रास चालतं. ती माहिती संस्थेकडे घेऊन त्याच्याकडची पुसल्याचं लेखी घ्या. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी आणि कानडी दोन्ही त्यात आहेत, फॉर्म आताच दोन्हींत करून टाका.

मराठीमुळे नोटीस आली असं तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही. ६० टक्के कानडीचा कर्नाटकातला नियम दुकानांच्या आणि संस्थांच्या नामफलकांना आहे. खुलाशात भाषेचा विषय काढूच नका, मूळ मुद्दा भरकटेल.

एक अडचण नक्की येईल: ११ टक्के सोडायला काहीजण तयार नसतील. ‘आम्हाला नको परत’ म्हणतील. त्यांना स्पीड पोस्टानं कळवा, पोहोचपावती फाइलला लावा, कोणत्याही परिस्थितीत नूतनीकरण करू नका आणि मुदत संपल्याच्या दिवशी रक्कम त्यांच्या खात्यावर जमा करून टाका.